तपास अधिकारी येतो, पण ताण येत नाही

प्रश्न : पुरुषोत्तम करंडकासाठी एकांकिका बसवतोय. एक अनोळखी अधिकारी घरात येतो आणि एका मुलीच्या आत्महत्येबद्दल सगळ्यांना जाब विचारतो. तालमीत मात्र तो आला की भाषण सुरू झाल्यासारखं वाटतं. काय चुकतंय?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : तुमचा अधिकारी फार बोलतो आहे. त्याने फक्त विचारावं. कबुली घरच्यांच्या तोंडून यावी. जे. बी. प्रीस्टली यांचं ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’ हे इंग्रजी नाटक त्यासाठी बारकाईने वाचा. तिथला इन्स्पेक्टर मेलेल्या मुलीचा फोटो एका वेळी एकालाच दाखवतो. ज्यांनी पाहिला, त्यांना दाखवलेला फोटो एकच होता का, ही शंका तिथूनच शेवटी उगवते. त्या घरातली आई तर ‘त्या मुलीच्या पोटातल्या मुलाच्या बापालाच जबाबदार धरा’ असं ठणकावून सांगते, आणि तो बाप तिचाच मुलगा निघतो! तिचा न्याय तिच्यावरच उलटतो, म्हणून तिथे उपदेशाचं एक वाक्यही लागत नाही.

संहितेत अधिकाऱ्याची विधानं शोधा आणि जमतील तेवढी प्रश्नांत बदला. प्रश्नानंतरची शांतता नटांना घाबरू न देता टिकवायला लावा. घाईने उत्तर आलं की ताण तिथेच सुटतो. त्याला दाराच्या बाजूला उभं करा, म्हणजे बाहेर जाणाऱ्याला त्याच्यासमोरूनच जावं लागेल. प्रीस्टली प्रकाशही वापरतात : आधी गुलाबी, तो आल्यावर प्रखर.

तो कोण होता, हे मात्र शेवटी उलगडू नका.