पळवून नेणारा हिरो कसा काय?

प्रश्न : ताई, लिसा क्लेपसची वॉलफ्लॉवर्स ही रोमान्स कादंबऱ्यांची सिरीज वाचतेय. दुसऱ्या भागात सेंट व्हिन्सेंट चक्क आपल्या जिवलग मित्राच्या होणाऱ्या बायकोला, लिलियनला, पळवून नेतो आणि तिसऱ्यात तोच हिरो! मला तर जाम राग आलाय, पुढे वाचू की सोडू?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : अगं, राग आलाच पाहिजे! दुसरा भाग २००५ चा, तिसरा २००६ चा, म्हणजे तेव्हाच्या वाचकांनाही हा राग गिळून पुढे जावं लागलं. पण तिसरा सोडू नकोस. त्यातली नायिका एव्ही स्वतःच सेंट व्हिन्सेंटच्या दारात येते, छळणाऱ्या नातेवाइकांपासून सुटायला लग्नाचा सौदा मांडते, आणि ती कोण तर लिलियनचीच मैत्रीण, त्यामुळे तो गुन्हा विसरायची सोयच उरत नाही. पुढे तो तिच्यासाठी गोळी झेलतो (स्पॉयलर दिला, सॉरी, पण तुला पुस्तक सोडण्यापासून थांबवायचं होतं). तरी मला स्वतःला वाटतं, गोळी झेलली म्हणजे माफी मिळालीच असं नाही, एव्हीने प्रेम केलं तो तिचा प्रश्न, माफ करायचा हक्क लिलियनचाच. जुनी पात्रं पुढच्या भागात परत येतात ना, त्याचा खरा फायदा हाच, की जिला त्रास झाला ती समोरच असते आणि लेखिकेला तिला टाळता येत नाही. म्हणून लिलियन येते ती पानं सावकाश वाच. आणि पहिला भाग, २००४ चा, राहिला असेल तर तो आधी. सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) विचारून बघ, नाहीतर ई-बुक आहेच.