इम्प्लांट बसवताना ड्रिलने हाड ‘जळतं’ का?

आईच्या खालच्या पुढच्या दाताचा इम्प्लांट (कृत्रिम दातासाठी जबड्याच्या हाडात बसवलेला स्क्रू) तिसऱ्याच आठवड्यात हलू लागला आणि कुणीतरी ‘ड्रिल करताना हाड जळलं असणार’ म्हणालं, हे खरं असू शकतं का, असं तुम्ही विचारलंय. असू शकतं, कारण उष्णतेने इजा झालेलं हाड इम्प्लांटला घट्ट धरत नाही. पण नुसत्या हलण्यावरून ते ठरवता येत नाही.

मी इम्प्लांट बसवण्याचंच काम करतो. हाड जळतं तेव्हा धूर निघत नाही, काही काळं पडलेलंही दिसत नाही. शरीर ३७ अंशांवर असतं. १९८३ साली स्वीडनच्या एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी सशांच्या हाडावर दाखवलं, की ४७ अंश उष्णता मिनिटभर टिकली तरी हाडाला इजा होते. ४७ अंश म्हणजे आंघोळीचं पाणी जरा जास्तच कडक झालं, तेवढंच! आणि भूल दिलेली असल्यामुळे रुग्णाला काहीच जाणवत नाही.

खालच्या जबड्याचं पुढचं हाड फार टणक असतं, त्यात रक्तपुरवठाही कमी. शिवाय हाडातून उष्णता लवकर बाहेर पडत नाही, जिथे निर्माण झाली तिथेच साठते. म्हणून थंड सलाईनची धार सतत सोडतात. पण ही धार भोकाच्या तोंडावर पडते, खाली ड्रिलच्या टोकापर्यंत पोचतेच असं नाही. त्यातच ड्रिलच्या खाचांत हाडाचा चुरा अडकला की घर्षण वाढतं. यावर सोपा उपाय म्हणजे ड्रिल दर काही क्षणांनी पूर्ण बाहेर काढायचं. चुरा निघतो, सलाईन आत जातं. सुरुवात साधारण २ मिलिमीटरच्या ड्रिलने करून भोक टप्प्याटप्प्याने मोठं करतात, म्हणजे एका वेळी थोडंच हाड कापलं जातं. बोथट ड्रिल मात्र सगळ्यात वाईट. ते कापत नाही, घासतं, मग हात आपोआप जोर लावतो. माझ्या सुरुवातीच्या काळात अशाच टणक हाडात जुनं ड्रिल मी दाबत राहिलो होतो. महिन्याभरात तो इम्प्लांट काढावा लागला. त्या बाईंना झालेला त्रास मी विसरलेलो नाही. तेव्हापासून प्रत्येक ड्रिल किती वेळा वापरलं याची नोंद ठेवतो.

तुमच्या आईंच्या बाबतीत जंतुसंसर्ग, मधुमेह, तंबाखू, त्या दातावर लवकर पडलेला चावण्याचा भार, यांपैकी काहीही कारण असू शकतं. आधी एक्स-रे काढून घ्या आणि हाड किती टणक लागलं, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. इम्प्लांट काढावा लागला तरी जागा साफ करून काही महिने हाड भरू दिलं, की बहुतेकदा तिथेच पुन्हा बसवता येतो. त्या बाईंचा दुसरा इम्प्लांट नीट बसला.