टेक्सासची १९८९ मस्टँग कॅलिफोर्नियाच्या स्मॉग चेकमधून कशी काढायची

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. टेक्सासहून १९८९ ची मस्टँग जीटी ५.० आणली, कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला नोंदणीसाठी स्मॉग चेकला (इथली प्रदूषण तपासणी) नेली आणि नापास झाली. आधीच्या मालकाने लाँग ट्यूब हेडर्स (एक्झॉस्टच्या लांब नळ्या), कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) नसलेला एच-पाइप (हेडर्सनंतरचा एक्झॉस्टचा पाइप) आणि मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बसवलाय, प्रदूषण कमी करणारी दोन उपकरणंही घालवलीत: स्मॉग पंप काढून टाकलाय, ईजीआर पत्रा ठोकून बंद केलाय. आता एक कॅट वेल्ड करून घेतला तर भागेल का, की सरळ फोर्डचं नवं कोयोटी इंजिन टाकावं? आणि ओळखीतला एक जण जास्तीचे पैसे घेऊन सर्टिफिकेट काढून देतो म्हणतोय, त्याचं काय?

कॅटने भागणार नाही, इंजिनाची घाई नको, आणि त्या ओळखीच्या माणसाचा फोन उचलू नका. आता सविस्तर.

आपल्याकडे पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या व्हॅनमधून पीयूसी काढायची सवय असते. सायलेन्सरमध्ये नळी गेली, आकडा आला, कागद मिळाला. त्यामुळे इथेही सगळी मारामारी धुराशीच आहे असं वाटतं. कॅलिफोर्नियात धूर हा तपासणीचा फक्त एक भाग आहे. दुसरा भाग डोळ्यांचा: बॉनेट उघडून आणि गाडीखाली वाकून टेक्निशियन बघतो की कंपनीने बसवलेलं प्रत्येक प्रदूषण-उपकरण जागेवर आहे का आणि नळ्या जोडलेल्या आहेत का. तिसरा भाग यंत्रणा नीट चालतात का ते बघण्याचा: टायमिंग (ठिणगी कधी पडते ते), पेट्रोलच्या टाकीचं झाकण, पेट्रोलची वाफ गळते का. तिन्हींपैकी एकात नापास म्हणजे नापास. धूर गंगाजलासारखा स्वच्छ असला तरी स्मॉग पंप जागेवर नसेल तर गाडी घरी.

टेक्सासच्या मालकाला यातलं काही सोसावं लागलं नाही, कारण तिथे धुराची तपासणी ज्या काउंटींमध्ये होते तिथेही २४ वर्षांपेक्षा जुनी गाडी सुटते. इथे १९७५ आणि त्याआधीची मॉडेल सुटतात, १९७६ पासून पुढे नाही. पूर्वी ३० वर्षं झाली की गाडी आपोआप सुटायची, पण २००४ च्या कायद्याने ती सवलत १९७६ वर गोठवली. त्यामुळे "थोडी वर्षं थांबू, म्हातारी होईल तशी सुटेल" हा हिशोब इथे चालत नाही. ३५ वर्षं जुन्या कलेक्टर गाड्यांना सूट देणारं एक विधेयक २०२५ मध्ये आलं होतं, गाड्यांचा शौकीन विनोदवीर जे लेनो याच्या नावाने त्याची बरीच चर्चाही झाली, पण ते असेंब्लीच्या समितीतच अडकलं. त्याच्या भरवशावर गाडी झाकून ठेवू नका.

सगळ्यात आधी तुम्हाला मिळालेला रिपोर्ट नीट वाचा. त्यावर नजरेच्या तपासणीत कुठल्या वस्तूपुढे 'मिसिंग' आणि कुठल्या वस्तूपुढे 'मॉडिफाइड' लिहिलंय ते वेगवेगळं मांडा. जे नाही ते परत आणायचं. जे बदललंय त्याचा कागद शोधायचा, किंवा मूळ भाग लावायचा.

तो कागद म्हणजे ईओ नंबर, एक्झिक्युटिव्ह ऑर्डर. कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाने, ज्याला सगळे कार्ब म्हणतात (कार्ब्युरेटरशी संबंध नाही, पहिल्यांदा ऐकणारा हमखास फसतो), एखादा बदललेला भाग तपासून मंजूर केला की त्याला हा नंबर मिळतो. 'डी' ने सुरू होणारा. सोबत स्टिकर येतं, ते बॉनेटखाली दिसेल असं चिकटवायचं. नंबर खरा असणं पुरेसं नाही, तो तुमच्या वर्षाला आणि इंजिनाला लागू असायला हवा. कार्बच्या वेबसाइटवर शोधता येतो. जुन्या ५.० मस्टँगसाठी इनटेक मॅनिफोल्ड, सिलिंडर हेड्स, शॉर्टी (आखूड नळ्यांचे) हेडर्स, एअर फिल्टर यांचे ईओवाले पर्याय आहेत. नव्वदीत या गाडीइतका सुट्या भागांचा बाजार फार थोड्या गाड्यांना मिळाला. लाँग ट्यूबचं मात्र विसरा. त्या लांब नळ्यांमुळे कॅटची जागाच मागे सरकते, आणि सरकलेला कॅट मंजूर होत नाही. शॉर्टी घ्या किंवा मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लावा. हेडर्स बसवणाऱ्या निम्म्या लोकांच्या गॅरेजमध्ये ते मॅनिफोल्ड धूळ खात पडलेले असतात, विचारलं तर मिळतात.

कॅटबद्दल वेगळं सांगतो, कारण तुमचा खर्च इथे वाया जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त. या गाडीच्या मूळ एच-पाइपमध्ये चार कॅट होते, पुढे दोन छोटे आणि मागे दोन मोठे. "एक युनिव्हर्सल कॅट वेल्ड करू" म्हणणाऱ्या मफलरवाल्याचं ऐकू नका. २००९ पासून इथे बदली कॅटलाही कार्बची मंजुरी लागते. त्याच्या कवचावर ईओ नंबर, पार्ट नंबर आणि प्रवाहाच्या दिशेचा बाण कोरलेला असतो आणि टेक्निशियन तो बघतो. इतर राज्यांत खपणारा स्वस्त कॅट इथे शून्य किमतीचा.

आता स्मॉग पंप. लोक तो काढतात कारण तो इंजिनाची ताकद खातो असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात तो खातो फारच थोडं, आणि काढल्याने जे बिघडतं ते बरंच. इंजिन थंड असताना तो हेड्सच्या मागच्या बाजूने एक्झॉस्टमध्ये हवा सोडतो. इंजिन गरम झालं की तीच हवा कॅटच्या मधल्या कप्प्यात जाते, आणि तिथे उरलेलं हायड्रोकार्बन (एचसी) आणि कार्बन मोनॉक्साइड (सीओ) जळतं. पंप नाही तर कॅटचा मागचा अर्धा भाग उपाशी. म्हणजे नवे महागडे कॅट बसवूनही पंपाशिवाय एचसी आणि सीओ वरच राहणार. पंप, त्याचा ब्रॅकेट, मूळ लांबीचा बेल्ट, दोन्ही सोलेनॉइड, डायव्हर्टर व्हॉल्व्ह, हेड्समागची आडवी नळी आणि एच-पाइपकडे जाणारी नळी, हा सगळा संच एकदम घ्या. फक्त पंप आणला की बाकीचं शोधण्यात महिने जातात. एक गोष्ट आधी बघा: हेड्स बदललेली असतील तर मागे हवेची भोकं आहेत की बुजवलेली आहेत.

ईजीआरचं काम एनओ (नायट्रिक ऑक्साइड) कमी करायचं. जळलेला थोडा वायू परत सिलिंडरमध्ये गेला की ज्वलनाचं तापमान उतरतं. तपासणी डायनोवर होते, मागची चाकं रोलरवर आणि इंजिनावर भार, आधी ताशी १५ मैल आणि मग २५ मैल वेगाला. नेमक्या याच परिस्थितीत एनओ चढतो. तुमच्या रिपोर्टवर दोन्ही वेगांना एचसी, सीओ आणि एनओ असे तीन आकडे असतील. एचसी जास्त आणि सीओ ठीक असेल तर कुठेतरी न जळलेलं पेट्रोल निसटतंय: मिसफायर, जुन्या केबल्स, किंवा कॅम. सीओ जास्त म्हणजे मिश्रण गडद आहे, पेट्रोल जास्त जातंय. एनओ जास्त म्हणजे ईजीआर, पुढे ढकललेलं टायमिंग, किंवा मिश्रण पातळ.

मोठ्या कॅमवर दोन शब्द जास्त, कारण त्याचा खडखडता आयडल, म्हणजे उभ्या गाडीत चालू इंजिनाचा आवाज, तुम्हाला आवडत असणार. तो आवाज ओव्हरलॅपचा आहे. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह काही क्षण एकत्र उघडे राहतात, आणि कमी आरपीएमला ताजं मिश्रण न जळता थेट एक्झॉस्टमध्ये जातं. १५ मैलांच्या चाचणीत इंजिन नेमकं त्याच आरपीएमच्या आसपास असतं. कॅम नजरेने दिसत नाही म्हणून लोक खूश असतात, पण एचसीचा आकडा त्याची चुगली करतो. मध्यम कॅम, चारही जिवंत कॅट आणि चालू पंप असेल तर पार होतं. खरोखर मोठा असेल तर माझ्या मते मूळ कॅम परत टाका, भांडण संपेल.

याहून लबाड प्रकार म्हणजे मोठे इंजेक्टर आणि त्यांच्यासाठी 'कॅलिब्रेट' केलेला एअर मीटर. नव्वदीत हे फार चालायचं. मूळ इंजेक्टर तासाला १९ पौंड पेट्रोल सोडणारे, त्याजागी २४ चे टाकायचे, आणि मीटरने कॉम्प्युटरला खोटं सांगायचं की हवा कमी येतेय. पेट्रोल जेमतेम जुळतं, पण कॉम्प्युटरला वाटतं इंजिनावर भार कमी आहे, म्हणून तो टायमिंग पुढे नेतो, आणि एनओ वाढतो. बघणारा ईजीआर बदलत बसतो आणि आकडा हलत नाही. तुमच्या इंजेक्टरचा रंग आणि मीटरवरचं लेबल बघून ठेवा.

टायमिंगही बघतात. डिस्ट्रिब्युटरजवळ स्पाउट नावाचा छोटा प्लग असतो, तो काढून टायमिंग लाइट लावायचा. टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या क्षणाच्या) आधी १० अंश हवं. मस्टँगवाल्यांनी ते १३-१४ वर नेलेलं असतं, गाडी जरा जोरात उडी मारते म्हणून. १० वर आणा, प्लग परत लावायला विसरू नका. तसंच कुणी १६० अंश फॅरनहाइटचा थर्मोस्टॅट टाकला असेल तर मूळ १९५ च्या आसपासचा लावा. इंजिन थंड आहे असं कॉम्प्युटरला वाटत राहिलं की तो पेट्रोल जास्त सोडतो. वाफेसाठीची कोळशाची डबी बऱ्याचदा "जागा अडवते" म्हणून फेकलेली असते, तीही शोधा. १९९५ पर्यंतच्या गाड्यांची टाकी हवेचा दाब देऊन तपासतात.

हे सगळं वाचून छाती दडपली असेल तर दुसरी वाट आहे, आणि ती तुमच्या गाडीला नुकतीच खुली झालीय. गाडी किमान ३५ मॉडेल-वर्षं जुनी असेल आणि तिचा कलेक्टर म्हणून विमा असेल, तर स्मॉग चेक रेफरीकडे (सरकारने नेमलेला खास तपासनीस) संक्षिप्त तपासणी मागता येते. त्यात उपकरणांची नजरेने तपासणी नाही. धूर, टाकीचं झाकण आणि पेट्रोल गळत नाही ना, एवढंच. रेफरीची केंद्रं बरीचशी कम्युनिटी कॉलेजांमध्ये आहेत, वेळ घेऊन जावं लागतं. पण उड्या मारण्याआधी दोन गोष्टी. धुराची मर्यादा तीच राहते, १९८९ च्या तुमच्या वर्गाची. ही वाट कागद माफ करते, गॅस नाही. कॅट आणि पंप नसलेली, मोठ्या कॅमची व्ही-८ त्या मर्यादेत बसेल अशी आशा ठेवू नका, म्हणजे ते परत बसवावेच लागतील. तुम्ही वाचवाल ते हेडर्स, कॅम, हेड्स यांच्या ईओची कटकट. दुसरं, कायद्याच्या भाषेत कलेक्टर गाडी म्हणजे मुख्यतः प्रदर्शन, मिरवणूक, जतन यांसाठीची, रोज ऑफिसला जायची नाही. विमा कंपन्याही वर्षाच्या मैलांवर बंधन घालतात आणि रोजची दुसरी गाडी आहे का विचारतात. तुम्ही रविवारी सकाळीच काढणार असाल तर ठीक. ८८० फ्रीवेवर रोज चालवणार असाल तर खोटं लिहून विमा घेऊ नका, अपघात झाला की तो कागद तुमच्यावरच उलटेल.

माझी निवड विचाराल तर: कॅट, पंप, ईजीआर दोन्ही वाटांना लागतात, ते आत्ता घ्या. शॉर्टी हेडर्स ईओवाले बघा. कॅम आकडे बघून ठरवा. मग साधी तपासणी पास होते का बघा, आणि रेफरी राखीव ठेवा.

कोयोटीचं थोडक्यात. इंजिन बदलणं इथे कायदेशीर आहे, पण इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा नंतरचं हवं आणि ते ज्या गाडीतून आलं तिचं सगळं प्रदूषण-सामान सोबत हवं: कॅट, ऑक्सिजन सेन्सर, वाफेची यंत्रणा, ओबीडीचं पोर्ट (गाडीचा कॉम्प्युटर वाचायचं), सगळं. मग रेफरी तपासून दाराच्या खांबावर लेबल लावतो. उत्तम काम आहे, पण पंप परत बसवायला कंटाळलेल्या माणसाने हाती घ्यायचं काम नाही.

पैसे घेऊन सर्टिफिकेट देणारा बहुधा दुसऱ्याच गाडीचा धूर तुमच्या नावावर चढवतो. याला इथे क्लीन पाइपिंग म्हणतात, आणि ब्यूरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर ही सरकारी संस्था अशा लोकांचे परवाने रद्द करते, खटलेही भरते. ती खोटी नोंद तुमच्या नंबरखाली राहील.

दुरुस्ती झाल्यावर आधी प्री-टेस्ट मागा, तसं स्पष्ट बोलून. तो निकाल डीएमव्हीकडे (गाड्यांची नोंदणी करणारं खातं) जात नाही. तेल नवं टाकून जा. जुन्या तेलात मुरलेलं पेट्रोल एचसी वाढवतं. फ्रीवेवर वीसेक मिनिटं चालवून कॅट तापवा आणि रांगेत इंजिन बंद करू नका. सरकारी दुरुस्ती-मदतीची योजना आहे, पण उपकरणं काढून टाकलेल्या गाडीला ती मिळत नाही, तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

रिपोर्टचा फोटो टाका, नंबर प्लेट आणि व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) झाकून. दोन्ही वेगांचे तिन्ही आकडे दिसू देत. बॉनेटखालच्या एमिशन स्टिकरचाही टाका, त्यावर तुमच्या गाडीला नेमकं काय काय लागतं ते छापलेलं असतं. मग कॅम राहू शकतो की नाही ते सांगता येईल.