पडलेला शेअर विकवत का नाही?

प्रश्न : वाढलेले शेअर मी चटकन विकतो, पण पडलेले वर्षानुवर्षे सांभाळत बसतो. असे का होते?

उत्तर : डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार माणूस नफा-तोटा एकूण संपत्तीवरून नव्हे, तर मनात धरलेल्या एखाद्या आकड्यावरून मोजतो, आणि तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा तोटा त्याला अधिक बोचतो. तुमच्या बाबतीत तो आकडा म्हणजे खरेदीची किंमत. शेअर विकेपर्यंत तोटा कागदावरच राहतो. विकला की चूक कबूल करावी लागते, म्हणून हात अडतो. (बाजाराला मात्र ती किंमत ठाऊकही नसते!) हातात शेअरऐवजी तेवढीच रोकड असती, तर आज हाच शेअर घेतला असता का, हे स्वतःला विचारून पाहा, उत्तर ‘नाही’ असेल, तर तो विकायला हरकत नसावी.