कोकणातल्या घरातील मातीची चूल वर्षानुवर्षे कशी टिकवावी?

आपण विचारले आहे की, रत्नागिरी जिल्ह्यातील वडिलोपार्जित घराची दुरुस्ती करताना आपण स्वयंपाकघरात मातीची चूल, तिला जोडून वैल (चुलीच्याच जाळावर तापणारे, भांडे ठेवायचे बाजूचे दुसरे तोंड) आणि वर धुराडे बांधून घेतले. घर पावसाळ्यात बंद असते, आणि दोनच वर्षांत चुलीला भेगा पडल्या व धूर घरात परतू लागला, तर आता काय करावे. आमच्या घरी गॅस आहे, तरीही भात, कुळथाची पिठी आणि आंघोळीचे पाणी गेली २२ वर्षे चुलीवरच होते. सारवण मी सासूबाईंकडून शिकले आणि धुराडे साफ करणे अनुभवातून, त्या आधारावर हे उत्तर लिहीत आहे.

माझ्या मते आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे ओलावा. जिथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे लाकूड, माती आणि धुराडे ही तिन्ही कोरडी राखणे हेच चुलीच्या निगेचे मुख्य काम होऊन बसते.

लाकडापासून सुरुवात करते, कारण धुराचा दोष लोक चुलीला देतात आणि तो बहुधा जळणाचा असतो. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते, आणि १ किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. ही उष्णता आपल्या भाताच्या वाट्याची असते. ती अशी खर्च झाली की जाळ थंड राहतो, लाकडातून निघणारे वायू पुरते जळत नाहीत, आणि त्यांचाच दाट धूर होऊन डांबरासारखा चिकट थर धुराड्यात बसतो. म्हणून आम्ही लाकूड थंडीत तोडून लगेच फोडतो, मे अखेरपर्यंत उन्हात ठेवतो आणि मृगाच्या आधी पडवीत, जमिनीला टेकणार नाही अशा रीतीने, दगडांवर फळ्या टाकून रचतो. वाळलेल्या लाकडाच्या टोकाला चिरा दिसतात आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज येतो. ओल्या लाकडाचा आवाज बद्द येतो. फोडी मनगटाहून जाड नसाव्यात. पावसाळ्यात त्या राशीत हात घालण्यापूर्वी बॅटरीचा उजेड पाडून पाहावे, कारण फुरसे आणि विंचू यांनाही कोरडी जागाच हवी असते.

बाभूळ, ऐन, सुरू, आंबा यांचे लाकूड, नारळाच्या करवंट्या आणि वाळलेल्या झावळ्या हे सगळे चालते. काजूची टरफले मात्र कितीही जोराने पेटली तरी चुलीत घालू नयेत, कारण त्यांतील तेलाचा धूर डोळ्यांना व घशाला झोंबतो. बिब्ब्याचे आणि कण्हेरीचे लाकूड, रंगवलेल्या फळ्या आणि प्लायवूड यांनाही आमच्या चुलीत मज्जाव आहे.

आता भेगांविषयी. केसासारख्या बारीक भेगा पडणारच, त्यांची चिंता नको. बोटाचे टोक शिरेल अशी भेग असेल तर तिच्यातील सैल माती खरवडून काढावी, आतली बाजू पाण्याने ओलावून घ्यावी आणि चाळलेली वारुळाची माती, बारीक कापलेला पेंढा व शेण यांचा घट्ट मळलेला गोळा दाबून भरावा. निव्वळ चिकणमाती वाळताना आकसते आणि पुन्हा फाटते; पेंढा तिला बांधून ठेवतो. गवंडी अनेकदा सिमेंटचा हात फिरवण्याचा आग्रह धरतात, तो कृपया मानू नये. तापल्यावर सिमेंट आणि माती सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, त्यामुळे तो थर वर्षभरात पापुद्र्यासारखा सुटतो आणि जाताना खालची मातीही घेऊन जातो.

सारवण नेहमी थंड चुलीवर, सकाळी पेटवण्यापूर्वी आणि पातळ असावे. तापलेल्या चुलीवर पाणी सांडणे आणि विस्तव पाणी ओतून विझवणे या दोन सवयींमुळे चुली जितक्या फुटतात, तितक्या वापराने फुटत नाहीत. लाकडे बाहेर ओढून त्यांची टोके राखेत दाबली की ती विझतात. घर पावसाळाभर बंद राहिले असेल तर दसऱ्याला आल्याबरोबर मोठा जाळ करू नये. तीन-चार दिवस फक्त काटक्यांचा मंद विस्तव ठेवावा, म्हणजे भिंतींत मुरलेले पाणी सावकाश निघून जाईल.

धूर परतत असेल तर आधी वैल पाहावे. वैलावर भांडे नसेल आणि झाकणीही नसेल, तर तिथून थंड हवा शिरते आणि धुराड्याची ओढ मोडते. धुराडे थंड असतानाही धूर उलटतो, म्हणून त्याच्या तळाशी आधी सुकी पाने पेटवून आतली हवा तापवून घ्यावी. धुराड्याचे तोंड छपराच्या आढ्यापेक्षा किमान २ फूट वर असावे, त्यावर आंब्याची फांदी झुकलेली नसावी आणि पाऊस आत येऊ नये म्हणून टोपी असावी. रोजच्या वापरात दर पंधरा दिवसांनी दोरीला सोडणांचा (नारळाच्या तंतुमय सालींचा) घट्ट जुडगा बांधून तो वरून खाली ओढावा आणि तळाशी पडलेली काजळी काढून टाकावी. ही काजळी जळते. ती आत पेटली तर लाकडे बाहेर काढून चुलीचे तोंड बंद करावे, धुराड्यात पाणी मात्र ओतू नये. पत्र्याची नळी असेल तर ती आणि लाकडी वासे यांत हातभर अंतर हवे. नळी जुनी, ॲस्बेस्टॉस सिमेंटची असेल तर ती खरवडू किंवा कापू नये, कारण तिची धूळ फुप्फुसांना घातक असते. अशी नळी बदलणेच मला योग्य वाटते.

राहिली राख. ती रोज काढावी, पण बोटभर थर तळाशी राहू द्यावा, कारण त्यामुळे विस्तव टिकतो आणि तळाची माती भाजत नाही. काढलेली राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच ठेवावी आणि तो डबा लाकडांपासून दूर, दगडावर असावा. आमच्या घरी एकदा रात्रीची राख बांबूच्या डालग्यात भरून पडवीत ठेवली होती. आतला एक निखारा जिवंत राहिला, पहाटे डालगे पेटले आणि शेजारची लाकडांची रास थोडक्यात वाचली. तेव्हापासून दोन दिवस डब्यात राहून पुरती थंड झालेली राखच आम्ही माडांच्या आळ्यांत टाकतो.