बटण एक, पट्ट्या तीन

प्रश्न : मार्केट यार्डात आमची गुळाची अडत आहे. रवे, वजन, दर, हमाली, तोलाई भरून शेतकऱ्याची पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) काढायचा छोटा प्रोग्राम मी पायथॉनच्या टीकेइंटरमध्ये (खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररीत) केलाय. ‘पट्टी छापा’ दाबलं की नोंद होऊन कागद बाहेर येईपर्यंत चार-पाच सेकंद खिडकी गोठते. दिवाणजींना तेवढा धीर नसतो, ते दाबतच राहतात आणि एकाच शेतकऱ्याच्या तीन पट्ट्या निघतात. फंक्शनच्या पहिल्या ओळीत बटण डिसेबल केलं, शेवटच्या ओळीत परत चालू केलं. फरक शून्य. असं का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी दिवाणजींना बोलणं थांबवा. दाबल्यावर पडद्यावर काहीच हललं नाही, तर कुणीही परत दाबणारच. मी लक्ष्मीपुरीतल्या धान्य दुकानांना बिलिंगचे प्रोग्राम करून देते, तिथेही हेच बघते. गर्दीच्या वेळी गल्ल्यावरच्या माणसाकडून सबुरीची अपेक्षा करणारा प्रोग्रामच चुकीचा.

आता एक सांगा : डिसेबल केलेलं बटण राखाडी झालेलं कुणाला दिसलं का? नसणारच. टीकेइंटरची खिडकी एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकच काम करणाऱ्या धाग्यावर, चालते. तिचा सतत फिरणारा मेनलूप रांगेतला एकेक इव्हेंट (घडलेली गोष्ट) उचलतो : माऊस हलला, कीबोर्डवरची की दाबली, खिडकी परत रंगवायची आहे. क्लिक आलं की तो तुमचं फंक्शन बोलावतो, आणि ते परत येईपर्यंत दुसरं काही करत नाही. रंगवतसुद्धा नाही. विंडोजला साधारण पाच सेकंद जाब मिळाला नाही, की ती खिडकीवर ‘प्रतिसाद देत नाही’चा शिक्का मारून मोकळी होते.

तुमच्याच पेढीवरचं घ्या. दिवाणजी रवे मोजायला गोदामात गेले, जाताना टेबलावर ‘बंद’ची पाटी ठेवली. तोवर लोक चिठ्ठ्या टाकून गेले. परत येऊन दिवाणजींनी आधी पाटी काढली आणि मग चिठ्ठ्या उचलल्या. पाटीचा उपयोग काय झाला? तुमच्या शेवटच्या ओळीने बटण चालू केलं, फंक्शन संपलं, आणि त्यानंतर मेनलूपने तुंबलेली क्लिक उचलली. तेव्हा बटण चालूच होतं.

बटण चालू करण्याआधी ‘अपडेट’ (रांगेतले इव्हेंट तिथल्या तिथे उरकणारं फंक्शन) बोलवा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. त्याने तुंबलेली क्लिक बंद बटणावर जिरतात, हे खरं. पण खिडकी गोठायची ती गोठतेच, आणि त्या क्षणी कुणी खिडकी बंद केली असेल तर पुढची ओळ नसलेल्या बटणाला हात घालते आणि एरर येतो. मला हा जुगाड आवडत नाही.

काम खिडकीच्या थ्रेडवरून हलवा. क्लिकच्या फंक्शनने इतकंच करायचं : बटण बंद करायचं, खिडकीतल्या रकान्यांतले आकडे साध्या व्हेरिएबल्समध्ये घ्यायचे, थ्रेड सुरू करायचा आणि परत यायचं. नोंद आणि छपाई त्या थ्रेडमध्ये. थ्रेडने बटणाला, लेबलला, कशालाही हात लावायचा नाही. झालं की नाही, एवढा निरोप ‘क्यू’मध्ये, म्हणजे थ्रेडमधल्या निरोपांच्या रांगेत, टाकायचा. इकडे खिडकीने ‘आफ्टर’ (ठरल्या वेळाने फंक्शन बोलावायची सोय) वापरून दर 100 मिलिसेकंदांनी क्यू तपासायची आणि निरोप मिळाला की बटण चालू करायचं. मधल्या काळात मेनलूप मोकळा असल्यामुळे दिवाणजींची जादा क्लिक बंद बटणावर पडतात आणि तिथेच संपतात. बटण राखाडीही दिसतं. त्यावर ‘छापतोय...’ लिहा, म्हणजे दिवाणजींचं बोट आपोआप थांबेल.

दोन ठिकाणी अडकाल. नोंदी एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये असतील, तर ज्या थ्रेडने कनेक्शन उघडलं त्याच थ्रेडला पायथॉन ते वापरू देतो. म्हणून छपाईच्या थ्रेडमध्ये नवीन कनेक्शन उघडा. आणि छपाईत कागद संपून वगैरे एरर आला की थ्रेड मरेल, निरोप येणारच नाही, बटण कायमचं बंद. त्यासाठी निरोप टाकायची ओळ ‘फायनली’मध्ये, म्हणजे एरर आला तरी चालणाऱ्या भागात, हवी.

एवढं करूनही मी पैशाचा हिशेब बटणाच्या भरवशावर सोडणार नाही. नवीन पट्टीचा फॉर्म उघडतानाच तिला नंबर द्या आणि डेटाबेसमध्ये तो रकाना ‘युनिक’ ठेवा, म्हणजे तोच नंबर दुसऱ्यांदा घेतला जात नाही. आधी नोंद, ती झाली तरच छपाई. मग दुसरं क्लिक कुठूनही घुसलं तरी नोंद नाकारली जाईल आणि शेतकऱ्याच्या हातात एकच पट्टी जाईल.

हे टीकेइंटरपुरतं नाही. जावाच्या स्विंगमध्येही खिडकीचा थ्रेड एकच असतो, आणि अशाच कामांसाठी 2006 च्या जावा 6 पासून त्यात ‘स्विंगवर्कर’ आयता मिळतो.

प्रश्न : चपलांच्या दुकानासाठी 6 ते 10 नंबरची बटणं फॉर लूपमध्ये तयार केली. कुठलंही दाबलं तरी 10 नंबरचीच नोंद होते.
— एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : बटणाला तुम्ही लॅम्डा, म्हणजे एका ओळीचं बिननावाचं फंक्शन, जोडलं असणार. त्यात लूपमधल्या ‘नंबर’ची किंमत बटण तयार होताना गोठत नाही, दाबल्यावर वाचली जाते. तोवर लूप संपलेला असतो आणि नंबर 10 वर थांबलेला असतो. ‘लॅम्डा : नोंद(नंबर)’ ऐवजी ‘लॅम्डा न=नंबर : नोंद(न)’ लिहा. (कोड इथे देवनागरीत छापलाय, टाइप करताना लॅम्डा हा शब्द इंग्रजीतच.) लॅम्डा काढून नुसतं ‘कमांड=नोंद(नंबर)’ मात्र करू नका. कंस दिलात की फंक्शन बटण तयार होतानाच चालून जातं, आणि दुकान उघडायच्या आत पाच जोड खपल्याची नोंद होते.

प्रश्न : आमचे हिशेबनीस माऊसला हातच लावत नाहीत. टॅबने बटणावर येऊन एंटर दाबतात, तर काहीच होत नाही.
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : टीकेइंटरचं बटण स्पेसबारने दाबलं जातं, एंटरने नाही. बटणाला ‘रिटर्न’ (टीकेइंटरमध्ये एंटरचं नाव) ही की बाइंड करा, म्हणजे जोडा. बाइंडवरून येणाऱ्या फंक्शनला इव्हेंट हा एक आर्ग्युमेंट मिळतो, ‘कमांड’वरून येणाऱ्याला मिळत नाही, म्हणून ‘लॅम्डा इ : बटण.इन्व्होक()’ असं लिहा. तुमचं फंक्शन थेट बोलावू नका. इन्व्होक म्हणजे प्रोग्रामनेच बटण दाबणं; ते डिसेबल बटणावर काही करत नाही, थेट बोलावलेलं फंक्शन मात्र बटण बंद असलं तरी चालतं, आणि मग वरच्या अडतवाल्यांसारख्या तीन-तीन पट्ट्या. तुमचा काँप्युटर लिनक्सवर असेल तर आकड्यांच्या पॅडवरचा एंटर ही वेगळी की धरली जाते, ‘केपी एंटर’. हिशेबनीस दाबणार तीच, तेव्हा तीही बाइंड करून घ्या.