वाचक विचारतात : २०७ चं बेअरिंग म्हणजे नेमक्या कुठल्या २०७ चं?

जुन्या पिकअपच्या इंजिनाला बरोबर पार्ट कसा ओळखायचा, याबद्दल आलेले प्रश्न आणि आमची उत्तरं.

प्रश्न : भाजीच्या धंद्यात जुनी टाटा २०७ आहे, वाशी मार्केटला रोज फेरी असते. इंजिन खालून ठोकतंय. मिस्त्री म्हणतो, कॉनरॉडचं बेअरिंग गेलंय. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ‘२०७ चं बेअरिंग’ मागितलं, तर दोन दुकानांनी दोन वेगळे सेट हातात ठेवले. खरं कुठलं?
– एक वाचक, घाटकोपर

उत्तर : दोन्ही खरे असू शकतात. ‘२०७’ हे गाडीचं नाव आहे, आणि बेअरिंग गाडीला नाही, इंजिनाला लागतं. जुन्या २०७ मध्ये १९४८ सीसीचं ४८३ इंजिन होतं, पुढे २०७ डीआयमध्ये २९५६ सीसीचं ४९७ आलं. या आकड्यांतच ओळख आहे : पहिला ४ म्हणजे सिलिंडर, पुढचे दोन म्हणजे बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ८३ आणि ९७. आरसी बुकात सीसी लिहिलेली असते, ती आधी बघा.

पण आरसीवर थांबू नका. इतक्या जुन्या धंद्याच्या गाडीत इंजिन बदललेलं असणं नवलाचं नाही. इंजिनाच्या ब्लॉकवर कोरलेला नंबर स्वतः वाचा. चिंधीला रॉकेल लावून ग्रीस काढा, कोरड्या कापडाने पुसा आणि पांढरा खडू आडवा घासा. अक्षरांच्या खाचा भरून नंबर उठून दिसतो. मग मोबाइलचा टॉर्च एका बाजूने तिरका धरून फोटो काढा. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर नंबरच्या जवळपासही नेऊ नका. घासलेला नंबर दिसला की आरटीओ आधी खाडाखोडीचाच संशय घेणार. टाटाच्या नंबराच्या सुरुवातीला बहुधा इंजिनाचं नावच असतं. ४९७ नंतर टीसी असेल तर ते टर्बोचं. हे ४९७ कुटुंब टाटा ४०७ मध्येही वापरलं गेलंय, त्यामुळे दुकानदार ‘४०७ चंच लागतं’ म्हणतो. काही पार्टना ते चालतं. पिस्टन आणि गॅस्केट घेताना मात्र टर्बो की बिनटर्बो हे ठरल्याशिवाय पैसे देऊ नका. ब्लॉकवरचा आणि आरसीवरचा नंबर जुळत नसेल, तर मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिनबदलाची नोंद आरटीओत करून घ्यावी लागते. ते काम लांबवू नका.

इंजिन कळलं, तरी निम्मंच काम झालं. दुसरा प्रश्न साइजचा. क्रँक आधी कधी ग्राइंडिंगला गेला असेल, तर पिन, म्हणजे क्रँकचा बेअरिंग बसतं तो गोल भाग, बारीक झालेली असते आणि बेअरिंग त्या मानाने जाड लागतं. म्हणून ‘अंडरसाइज’ या नावाला फसू नका, अंडरसाइज बेअरिंगची कवडी, म्हणजे त्याची अर्धगोल पट्टी, जाडच असते. जुनी कवडी काढून पाठ पुसा. तिथे एसटीडी (मूळ साइज), ०.२५, ०.५० किंवा ०.७५ असा शिक्का असतो. जुन्या मालावर ०१०, ०२०, ०३० दिसलं, तर ते इंचाचे हजारावे भाग. म्हणजे साधारण तेच पाव, अर्धा आणि पाऊण मिलिमीटर.

जुन्या कवडीचा शिक्का वाचून तीच साइज आणून बसवली, की मिस्त्री मोकळा होतो. आमच्या मते हे अर्धवट काम. ठोकणाऱ्या इंजिनाची पिन बहुधा अंडाकृती झालेली असते, नवी कवडी तिच्यावर टिकत नाही. पिन मायक्रोमीटरने दोन दिशांनी, काटकोनात मोजून घ्या. दोन्ही मापांत मॅन्युअलच्या मर्यादेपेक्षा जास्त फरक आला, तर क्रँक ग्राइंडिंगला द्या, आणि बेअरिंग ग्राइंडिंग झाल्यावर आणा, आधी नाही. फिटिंगच्या वेळी प्लॅस्टिगेजची (गॅप मोजायची मऊ प्लॅस्टिकची) तार पिनवर ठेवून कॅप टॉर्क रेंचने पूर्ण आवळा, क्रँक अजिबात न फिरवता कॅप काढा आणि चपटलेल्या तारेची रुंदी पट्टीशी जुळवा. गॅप जास्त निघाला तर ऑइल प्रेशर पडतं आणि ठोका परत येतो. कमी निघाला तर बेअरिंग जाम होतं. नवी कवडी घेताना जुनीवर ठेवून तीन गोष्टी बघा : रुंदी, लॉकची जीभ कुठल्या बाजूला आहे, ऑइलचं भोक कुठे येतंय. भोक झाकलं गेलं, तर इंजिन फार दिवस काढत नाही.

प्रश्न : जुन्या महिंद्रा पिकअपचं हेड गरम होऊन वाकलं, फेस करून आणलं. गॅस्केट घ्यायला गेलो तर दुकानदार विचारतो, ‘किती भोकांचं?’ हेड घासल्यामुळे जाड गॅस्केट घ्यावं का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : दुकानदार बरोबर विचारतोय. तो पाण्याच्या भोकांबद्दल बोलत नाही, गॅस्केटच्या कडेला बाहेर आलेल्या जिभेवरच्या बारीक भोकांबद्दल किंवा खाचांबद्दल बोलतोय. बऱ्याच डिझेल इंजिनांत गॅस्केट दोन-तीन जाडींत मिळतं, आणि ही खूण ती जाडी सांगते.

जाडी ठरते ती पिस्टन टॉपला आल्यावर ब्लॉकच्या वर किती निघतो यावरून. डायल गेज ब्लॉकवर शून्य करा, प्रत्येक पिस्टन टॉपला आणून पिस्टनच्या पिनच्या रेषेवर दोन बाजूंना मोजा. जो सर्वांत वर येतो, त्याच्या मापाचं गॅस्केट. हेड फेस केल्याने हे माप बदलत नाही, त्यामुळे निव्वळ त्यासाठी जाड गॅस्केट घेण्याचं कारण नाही. जाड घातलं की कॉम्प्रेशन पडतं, सकाळी गाडी सेल्फ खात बसते आणि पांढरा धूर काढते. ब्लॉकचा फेस घेतला असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा पिस्टन जास्त वर येतो आणि पातळ गॅस्केट घातलं, तर हेडला धडकू शकतो.

हेड घासल्यावर तपासायचं ते दुसरंच : व्हॉल्व्ह हेडच्या पातळीखाली पुरेसे खोल आहेत का, आणि हेडची उंची मर्यादेत आहे का. लेथवाल्याला हे दोन आकडे लिहून द्यायला सांगा. जुनं गॅस्केट फेकू नका. त्यावरची खूण वाचा, पण त्याची जाडी मोजून नवीन घेऊ नका, ते दबलेलं असतं.

प्रश्न : भाऊच्या धक्क्यावरून मासळी उचलतो. वॉटर बॉडी (इंजिनाचा पाण्याचा पंप) गळते. बाजारातून आणलेली बसली, पण पट्टा तिरका चालतो आणि शिट्टी मारतो.
– एक वाचक, माझगाव

उत्तर : बोल्टची भोकं जुळली म्हणजे वॉटर बॉडी जुळली असं नाही. ब्लॉकला टेकणाऱ्या फेसपासून पुलीच्या हबपर्यंतची उंची व्हर्नियरने मोजा, जुनीची आणि नवीची. एसी किंवा पॉवर स्टीअरिंग असलेल्या आणि नसलेल्या गाड्यांत इथेच फरक पडतो. मग आतल्या, पाणी ढकलणाऱ्या पंख्याचा व्यास, पात्यांचा कल आणि हबच्या बोल्टमधलं अंतर. पाती उलट्या कलाची असली, तर पट्टा सरळ चालेल, पण पाणी नीट फिरणार नाही.

मासळीच्या गाडीत बर्फाचं खारं पाणी सगळीकडे ठिबकतं. बॉडी उघडलीच आहे, तर ब्लॉकचे कोअर प्लगही (पाण्याच्या भोकांवरची पत्र्याची झाकणं) बोटाने दाबून बघा. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी नको, कूलंट घाला.

प्रश्न : साताऱ्याची एमएच-११ पासिंगची २०१२ ची पिकअप घेतली. मित्राची त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची, एमएच-०२ आहे. डिझेलचे नोझल त्याच्यासारखे आणले, बसत नाहीत.
– एक वाचक, जोगेश्वरी

उत्तर : मुंबईत बीएस-४ हे धुराचं मानक एप्रिल २०१० पासून लागू झालं, साताऱ्यासारख्या ठिकाणी एप्रिल २०१७ ला. मधल्या वर्षांत एकाच मॉडेलची गाडी दोन जिल्ह्यांत दोन वेगळ्या फ्युएल सिस्टिमसह विकली गेलेली असू शकते. वर्षावर जाऊ नका, चेसिस नंबर द्या. सतरा अक्षरांचा असतो, एमए१ ने सुरू झाला तर महिंद्रा, एमएटीने सुरू झाला तर टाटा. अधिकृत डीलरच्या पार्ट काउंटरवर तो टाकला की त्याच गाडीचा पार्ट नंबर निघतो. तो लिहून घ्या, मग माल कुठूनही घ्या.

शिवाय जुन्या नोझलच्या अंगावरचा कोड वाचा. डीएलएलए आणि पुढे १५० वगैरे आकडा असेल, तर तो फवाऱ्याचा कोन. डीएन असेल तर तो जुन्या, प्री-चेंबरवाल्या (डिझेल आधी छोट्या कप्प्यात फवारणाऱ्या) इंजिनाचा. कोडमधलं एक अक्षर बदललं, तरी दुसरा नोझल समजा.

प्रश्न : सेल्फ बदलला, दात घसरतात.
– एक वाचक, कुर्ला

उत्तर : बेंडिक्सचे (सेल्फच्या पुढच्या गिअरचे) दात मोजा, जुन्याचे आणि नव्याचे. एक दात कमी-जास्त असला तरी फ्लायव्हीलची रिंग खाल्ली जाते. दात सारखेच निघाले, तर सेल्फच्या भोकातून टॉर्च मारून रिंग पूर्ण फिरवून बघा. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुधा ठरावीक दोन जागीच थांबतं, त्यामुळे रिंगही तिथेच झिजते. तसं असेल तर सेल्फ परत करा आणि रिंग बदला.